सूपभर कोंड्याचं लेकरू

चार बायका जमल्या की बोलणं फिरून फिरून बाळंतपणावर येतं. आणि तिथं आलं की माझ्याकडे बघून कुणीतरी हळूच आवाज खाली करते, कारण मला मूल नाही. मला त्या खालच्या आवाजाचा भारी राग येतो. अगं, बोला की मोठ्यानं! तुमच्यापैकी कुणी पाहिलं नसेल असं एक बाळंतपण मी पाहिलं आहे, तेही बाळंतिणीला टेकू देऊन, तिच्या पाठीशी बसून. ते भागरताचं. त्यातला मोठा आवाज तर सगळ्या गावानं ऐकला होता.

आम्ही तेव्हा सालेकसाला होतो. माझे यजमान तिथं असिस्टंट स्टेशन मास्तर. देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील. गोंदिया म्हणजे आमच्या लेखी मोठं शहर, पण जिल्हा भंडारा, आणि राज्य मध्यप्रदेश. माझं माहेर नागपूरचं, भर महाल भागातलं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पदरात मूल नाही, आणि क्वार्टरच्या मागं सरळ जंगल सुरू होणार. दिवसातून मोजक्या गाड्या यायच्या. उरलेला वेळ मी आणि भिंती.

अशात एका सकाळी रुळांच्या बाजूनं कुणीतरी भांडताना ऐकू आलं. बाहेर येऊन बघते तर डोक्यावर ताकाचं मडकं घेतलेली एक उंच, काळीसावळी बाई उभ्या असलेल्या मालगाडीच्या इंजिनाला विचारत होती, "काऊन व, खाल्लं का कोरसं? मंग जा ना आता! वाट अडवून कायले उभी राहिली?" इंजिन गेलं. ती विजयी मुद्रेनं रूळ ओलांडून आली आणि मला म्हणाली, "मही घेता का जी, बाई?"

ही भागरता. रुळांच्या पलीकडच्या टोलीत तिचं घर, नवऱ्याची धानाची थोडी जमीन, घरात सासू. माहेर डोंगरगडच्याही पलीकडचं, छत्तीसगडातलं. ती इंजिनाशी बोलायची तशी सगळ्याशीच बोलायची. ढेकीवर धान कांडताना ढेकीला रागवायची, गाय अडली तर गाईची समजूत काढायची. बसायची मात्र कधी नाही. खांबाला खांदा लावून उभी राहायची आणि बोलून झालं की निरोप न घेता चालू लागायची.

तिची बोली मला सुरुवातीला निम्मी कळायची. त्या भागात ळ चा र होतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा ती सांगू लागली, "मधल्या डावी मले दोन दिवस कर येऊन राहिली होती, बाई." मला वाटलं, कर म्हणजे शेतसारा, वसुलीला कुणी आलं असेल. मी म्हटलं, "मग भरून टाकायचा." ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग खांबाला धरून इतकी हसली की मडक्यातलं ताक सांडलं. कर म्हणजे बाळंतपणाची कळ. पुढे कितीतरी दिवस ती मला बघितलं की म्हणायची, "भरून टाकू का जी?"

हसायची ती, पण ती गोष्ट हसण्याची नव्हती. भागरताला तीन मुलं झाली होती आणि तिन्ही गेली होती. एक बारशाआधी, एक दात येताना, एक तर रडलंच नाही. हे सगळं तिनं मला उभ्याउभ्याच सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही की आवाज जड नाही. मला वाटलं, ही दगडाची आहे की काय. तशी ती नव्हती हे मला पुढे चांगलंच कळलं.

तिचा एक शब्द होता, "बोलली ना मी!" हा शब्द ती उंबरठा घालावा तसा घालायची. त्याच्या पलीकडे मग तिला स्वतःलाही जाता येत नसे. तिच्या छपरावर भोपळ्याचा वेल होता. कोवळं फळ धरलं तेव्हा ती सहज म्हणाली, "हा भोपरा तुमचा." मी विसरून गेले. पुढे तिच्याकडे पाहुणे आले, घरात भाजी नाही, सासू म्हणाली छपरावरचा काढ. हिनं काढला नाही. पाहुण्यांना मिरची-भाकर वाढली आणि सासूची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो भलामोठा भोपळा माझ्या दारात. मी म्हटलं, "अगं वेडे, पाहुण्यांना तरी घालायचास." तर म्हणे, "तुमचा भोपरा मी कशी कापीन जी? बोलली ना मी!"

चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं मला सांगितलं ते ताक ओतता ओतता. नंतर मात्र बरेच दिवस ती पोटाबद्दल बोललीच नाही. धानाची कापणी जवळ आली, ती आठव्याच्या पुढे गेली, आणि एका दुपारी मागच्या दाराशी आली तर चक्क खाली बसली. मी घाबरले.

"बाई, एक काम हाये तुमच्याकडे."

"बोल ना."

"हे लेकरू तुमी विकत घ्या."

मला आधी काही कळेना. मग तिनं समजावून सांगितलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिनं जन्मलेलं मूल लगेच दुसरीला विकायचं, अगदी मातीमोलानं. कोंडा द्यायचा, कणी द्यायची, काहीही. मग मूल तिचं राहत नाही. तिची मुलं न्यायला जो टपून बसलेला असतो, तो येतो, बघतो, म्हणतो, हे तर हिचं नाही, आणि निघून जातो. मूल वाढतं खऱ्या आईकडेच, पण दुसऱ्याचं म्हणून. मोठं झालं, लग्नाला आलं, की मग परत घ्यायचं.

हा रिवाज मी नागपूरला ऐकलेला होता. आमच्या गल्लीत एक कचरू होता आणि एक दगडूही. पण घेणारी बाई लेकुरवाळी शोधतात, हेही मला माहीत होतं. माझ्यासारखीला तर बाळंतिणीच्या खोलीत कुणी पाऊल टाकू देत नसत. मी तसं म्हटलं.

भागरता म्हणाली, "बाजारात कोन जाते जी? ज्याच्या घरी नाही, ते जाते. जिचं घर भरलं हाये, तिनं घेतलं तर त्याले खरं वाटीन का? तो म्हनीन, हे खोटी खरेदी हाये. तुमी घेतलं तर कोनीबी मानीन."

मी आजवर ऐकलेलं माझ्या वांझपणाबद्दलचं हे एकमेव चांगलं बोलणं. मी हो म्हटलं.

उठता उठता ती आणखी एक बोलली. "आन या डाव मी वरडीन. तीनबी डाव सासूनं तोंडात पदर कोंबाले लावला, ओसरीवर मानसं हायेत म्हने. लेकरू बाहीर येऊन राहिलं आन मी आवाज अंदर ओढून राहिली. एका वेरी दोन कामं कशी होतीन?"

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, ती धान कापत असताना. विळा बांधावर ठेवून ती चालत घरी आली आणि शेजारच्या पोरीकरवी मला निरोप पाठवला. मी सूप घेतलं, त्यात कोंडा भरला आणि रूळ ओलांडून गेले. गोठ्याला लागून एक अंधारी खोली होती. आढ्याला दोर बांधला होता, खाली तणस पसरलं होतं. सुकारो नावाची गोंड म्हातारी दाई कोपऱ्यात तेल कोमट करत होती. सासूनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. भागरता म्हणाली, "गिऱ्हाईक हाये ते. येऊ दे." आणि मला आपल्या पाठीशी बसवून घेतलं.

बाळंतपण म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. बायका सांगतात त्यात मुख्य गोष्ट कुणी सांगत नाही, की ते काम आहे. धान कापण्यासारखं, ओझं उचलण्यासारखं, अंग मोडून करायचं काम. भागरता दोराला लोंबकळून उकिडवी बसली होती. कळ यायची तेव्हा तिची पाठ माझ्या छातीवर दगडासारखी घट्ट व्हायची आणि ओसरली की ओल्या कापडासारखी सैल. आणि कळ येताना दिसली की ही बाई तिच्याशी बोलायची! "आली का? ये! ये ना व, कायले थांबली? ये!" आणि मग जो आवाज काढायची, तो रडण्याचा नव्हता. बैलगाडी चढणीला लागली की गाडीवान काढतो तसला होता. मधल्या वेळात घाम पुसत मला सांगे, "तिले ना म्हनलं का ते हट्टाले पेटते, बाई. ये म्हनलं का काम करून जाते."

बाहेर सासूचा जीव वरखाली. सुनेचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊन राहिला, लोक काय म्हणतील! तिनं आवाज झाकायला काय करावं? हाताशी काशाची थाळी होती, ती घेतली आणि लाकडानं बडवायला लागली. आता त्या गावात थाळी वाजते ती एकाच कारणानं, मूल झाल्यावर. पाचदहा मिनिटांत अंगण भरलं. खळ्यावरून भागरताचा नवरा डोमाजी धापा टाकत आला. कुणीतरी गूळही आणला. "काय झालं? पोट्टा का पोट्टी?" आणि आतून भागरताची आरोळी, "ये ना व!" लोकांना वाटलं, आपल्यालाच बोलावते आहे. दोघी बायका खरंच दारात आल्या. सासू थाळी हातात धरून मटकन खाली बसली. ओसरीवरच्या चार माणसांपासून जे लपवायचं होतं, ते आता अख्ख्या टोलीसमोर चाललं होतं.

भागरता हे ऐकून कळांच्या मधे हसली. म्हणाली, "राहू दे त्याइले. ऐकू दे."

पण दुपार कलली तशी ती थकली. आवाज बसला. कळा येत होत्या, पण ती आता त्यांना बोलावत नव्हती. मान माझ्या खांद्यावर टाकून डोळे मिटून पडली. सुकारोनं तेलाची वाटी बाजूला सारली. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि लगेच नजर वळवली. मला देव आठवेना, काही आठवेना. मी नुसती तिचे दंड घट्ट धरून बसले होते.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. ओठ कोरडे पडलेले.

"बाई, कोंडा आनला का?"

"आणलाय गं. हा काय, इथंच आहे."

"मंग त्याले यावंच लागीन," ती म्हणाली. "बोलली ना मी."

तिनं पुन्हा दोर धरला. ती शेवटची आरोळी माझ्या कानात नाही, माझ्या फासळ्यांत आहे. तिचं सगळं अंग माझ्यातून आरपार गेल्यासारखं वाटलं. आणि मग सुकारोच्या हातात काहीतरी बुळबुळीत, निळसर, मुटकुळं झालेलं. तिनं त्याला उलटं धरून थोपटलं. ते रडलं. बाहेर सासूनं थाळी उचलली, आणि या खेपेस ती वाजवताना म्हातारी स्वतःच रडत होती.

सुकारोनं नाळ कापली, मूल घरातल्या सुपात घातलं आणि आईला न दाखवता माझ्यापुढे धरलं. "कोन घेते व हे?"

"मी घेते."

"कायच्या मोलानं?"

"सूपभर कोंड्याच्या."

मी माझ्या सुपातला कोंडा सुकारोच्या पदरात ओतला. निम्मा खाली सांडला. सुकारो म्हणाली, "जाय, तुयं झालं." मी मूल उचललं. मुलगा होता. त्याच्या अंगाचा कोमट, ओला भार माझ्या हातात होता आणि भागरता भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढं करून तिनं त्याला अजून पाहिलंही नव्हतं. रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, "बाई गं, माझ्या लेकराला दूध नाही. पाजशील का?" तेव्हा कुठं ती वळली.

नाव अर्थातच कोंडू.

आता, असली विक्री लोक करतात आणि चार दिवसांनी विसरतात. रिवाज पाळला, झालं. पण ही भागरता होती. "बाई, तुमच्या पोट्ट्याले दात आला." "बाई, तुमच्या पोट्ट्याचे केस काढू का?" ताप आला तर आधी रूळ ओलांडून मला सांगायला येणार. बाजारात कुणी विचारलं, कुणाचा गं पोट्टा, तर ठसक्यात सांगणार, "टेसनवाल्या बाईचा." ही बातमी मालगाडीबरोबर बिलासपूरपर्यंत गेली. एक दिवस एक गार्ड उतरला आणि यांचा हात हलवून म्हणाला, "बधाई हो छोटे बाबू, मिठाई नहीं खिलायी!" बिचारे हे! त्यांना धड हो म्हणता येईना, धड नाही. शेवटी त्यांनी मिठाई मागवली.

त्या मुलानं तिला आई म्हणू नये, हे ओघानं आलंच. ती त्याला स्वतःला "दाई" म्हणायला शिकवत होती. मला ते ऐकवत नसे. दाई म्हणजे सुईण, नाहीतर पगारावर मूल सांभाळणारी बाई. सख्ख्या आईनं स्वतःला पोटच्या पोरापुढे इतकं परकं करून घ्यावं? एकदा कोंडू अंगणात "दाई, दाई" करत तिच्यामागं धावत होता आणि आमच्याकडे आलेला एक छत्तीसगडी गँगमन कौतुकानं म्हणाला, "माँ को नहीं छोड़ता बच्चा." मी म्हटलं, "दाई म्हणतोय तो." तर तो म्हणाला, "हाँ, वही तो. हमारे तरफ़ दाई माने माँ."

मी भागरताकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या माहेरी आईला दाईच म्हणतात! तिनं दिलेला शब्द मोडला नव्हता. सालेकसात मराठी माणसांत ती नोकरीची दाई होती, आणि मुलगा मात्र दिवसातून शंभरदा तिला आई म्हणून हाक मारत होता. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि वर आभाळाकडे एकदा चोरून बघितलं. "हळू बोला जी. त्याले छत्तीसगडी येत नसीन."

कोंडू चार वर्षांचा झाला आणि आमची बदली आली, दूर, पार झारसुगुड्याकडे. राज्यांच्या फेररचनेत आम्ही बसल्या जागी मध्यप्रदेश सोडून मुंबई राज्यात आलो होतो, तेवढ्यात यांना ओरिसात धाडलं. मी भागरताला सांगितलं. ती मडकं उचलून चालू लागली. जायच्या दिवसापर्यंत फिरकलीही नाही. मला वाईट वाटलं, पण मी मनाशी म्हटलं, कापणीचे दिवस आहेत.

गाडीची वेळ झाली. सामान चढलं. तेवढ्यात रुळांच्या पलीकडून ती येताना दिसली. कोंडूला न्हाऊमाखू घातलेलं, डोळ्यांत काजळ, अंगात नवा सदरा. तिच्या हातात एक गाठोडं. तिनं ते गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं.

"त्याचे कपडे हायेत. रात्री उठला तर पानी मांगते, थंडं देऊ नका."

मला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. ती मुलगा द्यायला आली होती. लबाडी नाही, परीक्षा नाही. मालकीण गाव सोडून चालली, तर तिचं लेकरू तिच्याबरोबर जाणार, एवढा सरळ तिचा हिशेब. आणि मी "नको, तुझंच आहे, परत घे" म्हटलं असतं, तर तिच्या लेखी तो कोंडू पुन्हा तिचा झाला असता आणि टपून बसलेल्याला मोकळं रान मिळालं असतं. लग्नाला अजून कितीतरी वर्षं होती. म्हणजे एकतर मी त्याला न्यावं, नाहीतर त्यानं मरावं. ह्या दोहोंतून तिनं निवड केली होती आणि ती करून, त्याला तेल लावून, काजळ घालून, पायी चालत आली होती.

कोंडूनं माझं बोट धरलं. माझ्या मनात काय काय आलं ते मी सांगणार नाही. हे सिग्नलकडे बघत उभे राहिले.

मी खाली बसले आणि भागरताचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "हे माझं लेकरू आहे ना?"

"हो जी."

"मग माझं ऐक. नव्या गावी माझं काही ठिकाण नाही, तिथलं पाणी याला मानवायचं नाही. मी माझं लेकरू तुझ्याकडे ठेवून जाते. सांभाळशील?"

तिनं विचारलं, "कवावरी?"

"मी येईपर्यंत."

गार्डनं शिट्टी दिली. भागरताला माझं म्हणणं हळूहळू कळत गेलेलं मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. ती फलाटावर बसली, कोंडूला ओढून मांडीत घेतलं, आणि तीन मुलं गेली तेव्हा न रडलेली बाई तोंड उघडं टाकून रडली. गाडी हलली. त्या गोंगाटातही तिचा आवाज येत होता, "सांभारतो जी! बोलली ना मी!"

त्यानंतर नागपूरला जाता येता मी त्या वाटेनं कितीदा तरी गेले. मेल सालेकसाला थांबत नाही, पॅसेंजर थांबते. मी नेहमी मेल धरली. एकदाच, साठ सालाच्या सुमाराला, सिग्नल मिळाला नाही आणि मेल स्टेशनाबाहेर उभी राहिली. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कापणी चालली होती. रुळांपासून हाकेच्या अंतरावर भागरता धान कापत होती, आणि डोक्यावर लहानशी पेंढी घेतलेला एक उघडा, काटक पोरगा तिच्याकडे काहीतरी ओरडत बांधावरून पळत होता. उभ्या गाडीला चार शब्द सुनावायला ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तिची नजर डब्यांवरून एकेक करत सरकू लागली.

हाक माझ्या ओठांवर आली होती. पण ‘मी येईपर्यंत’ असं बोलले होते मी; हाक मारली असती तर मी आले असं झालं असतं. मी पदर तोंडावर ओढला आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीकडे पाठ करून बसले.